कॅनडाला शिफ्ट होताना घेतलेली ट्रॅव्हल एजंटची सर्व्हिस, पैकीच्या पैकी मार्क

2021 च्या ऑगस्टमधे पीआर (कॅनडात कायमचं राहायची परवानगी) हातात होता, पण कॅनडाने कोविडमुळे 22 एप्रिलपासून भारतातून थेट विमानं बंद केलेली. दुसऱ्या देशातून जायचं तर आरटी-पीसीआर पण त्या देशातलीच हवी, तीही कॅनडाचं विमान सुटायच्या आधीच्या 72 तासांतली, पुण्यातला रिपोर्ट चालतच नव्हता. कोथरूडच्या या छोट्या ऑफिसातल्या ताईंनी मालदीवमार्गे सगळं नीट बसवून दिलं, रिसॉर्टवर स्वॅब कधी घेणार, रिपोर्ट किती वाजता येणार हे आधीच विचारून ठेवलेलं आणि रिपोर्ट यायला उशीर झाला तर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढलं. पाच वर्षांखालच्यांना टेस्ट लागत नाही हेही त्यांनीच सांगितलं, धाकटीचं नाक वाचलं! कॅनडात शिरण्याआधी प्रवासाची माहिती भरायच्या अराइव्हकॅन ॲपमधे आम्हा सगळ्यांची माहिती फोनवर बसून भरून घेतली, रात्री अकराला फोन केला तरी उचलायच्या. फी थोडी जास्त वाटेल, पण आईबाबांना मागे ठेवून लेकरं आणि बॅगा घेऊन निघालेल्या माणसाला असा आधार लाखमोलाचा असतो. फक्त सामान पाठवायला त्यांनी सुचवलेला मूव्हर घेऊ नका, आमची खोकी फार उशिरा आली आणि कुकरचं झाकण गायब.