मूळ लॅन पोर्ट की यूएसबी अडॅप्टर?

गोव्यात पावसाळाभर हवा इतकी दमट असते की लॅन पोर्टच्या पिना काळवंडल्या तर नवल नाही. लिनक्स लॅपटॉपवर वायरचं नेट तुटक चालू लागलं की प्रश्न पडतो: मूळ पोर्टच्या मागे लागायचं, की सरळ यूएसबी अडॅप्टर घ्यायचा?

आधी मूळ पोर्ट, कारण तिथे फुकटात बरंच कळतं. टर्मिनलमध्ये ईथटूल (वायरच्या नेटची जोडणी तपासणारी आज्ञा) चालवा. ‘लिंक डिटेक्टेड: नो’ आलं तर संशय केबलवर, राउटरच्या तोंडावर किंवा पिनांवर. वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला तर बहुधा केबलमधली तारांची एखादी जोडी गेलीय; गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. (नेटचा प्लॅनच ५० एमबीपीएसचा असेल तर मी हातही लावणार नाही.) लिंक आहे पण आयपी पत्ता मिळत नाही? तो डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप आयपी पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेचा मामला, अडॅप्टर घेऊन सहसा सुटत नाही.

अडॅप्टर घ्यायचाच तर रिअलटेक आरटीएल८१५३ चिपचा बघा. त्याचा आर८१५२ ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. यूएसबी २.० मध्ये खोचलात तर ४८० एमबीपीएसच्या वर कागदावरही जाणार नाही. शिवाय इंटरफेसचं (लिनक्सला दिसणाऱ्या नेट जोडणीचं) नाव आणि मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) दोन्ही बदलतात, म्हणून जुन्या नावाला बांधलेली स्थिर आयपीची सेटिंग लागू होत नाही. राउटर नसेल आणि केबलवाल्याने जुना मॅक नोंदवला असेल, तर त्याला फोन करणं आलंच.

विजेच्या लोळाने पोर्टच जळालं असेल, तर मदरबोर्ड उघडण्यापेक्षा अडॅप्टर बरा.