आयर्लंडचा बेकारभत्ता: पगारावर की परिस्थितीवर?

आयर्लंडमध्ये नोकरी गेली की मुख्यतः दोन आधार असतात. ३१ मार्च २०२५ पासून सुरू झालेला पहिला पगाराशी जोडलेला आहे. किमान पाच वर्षं पीआरएसआय, म्हणजे सामाजिक विम्याची वर्गणी, भरली असेल तर पहिले तीन महिने आधीच्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, आठवड्याला कमाल ४५० युरो. पुढे ५५, मग ५० टक्के. नऊ महिन्यांनी बंद. बायको किती कमावते, हे कुणी विचारत नाही. घराचा हप्ता थांबत नसतो, म्हणून मला ही सुधारणा मनापासून पटते.

दुसरा जॉबसीकर्स अलाउन्स. वर्गणीची अट नाही, पात्र असेपर्यंत चालू राहतो. पण घरची सगळी कुंडली मांडावी लागते. जोडीदाराची कमाई, बँकेतली शिल्लक, सगळं. आई-वडिलांकडे राहणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलाला दर कमी, वर त्यांचं उत्पन्नही मोजलं जातं. तरुणांच्या दरावर ही कात्री २००९ च्या मंदीत लागली. मंदी सरली, कात्री राहिली. चोवीस वर्षांच्या मुलाला भाजी काही स्वस्त मिळत नाही. हा भेद आधी जायला हवा.