ग्लोब भारी हाय, पण नाउरू गायब!

महाद्वार रोडवरच्या एका स्टेशनरी दुकानातनं पोरीसाठी १२ इंची लाइटवाला ग्लोब घेतला, १३५० सांगितलेले, घासाघीस करून ११५० ला आणला. महिना वापरून लिहितोय.

पॅसिफिक म्हणजे काय प्रकरण आहे ते मला चाळिशीत या ग्लोबमुळं कळलं बघा. शाळेतल्या नकाशात तो बिचारा अर्धा डावीकडं अर्धा उजवीकडं, इथं गोल फिरवून थांबवला की समोर नुसतं पाणीच पाणी. त्या पाण्यात पोरीनं पिटकेर्न शोधून काढलं आणि मग आम्ही दोघं मोबाइलवर वाचत बसलो, ताटं गार झाली. बेट लांबीला जेमतेम ३ किलोमीटर, माणसं ५० च्या आसपास (आमच्या गल्लीत आरतीला याहून जास्त असतात). १७९० ला बाउंटी जहाजाचे बंडखोर खलाशी ताहितीची माणसं घेऊन तिथं लपायला गेले, त्यांचेच वंशज अजून राहतात. विमानतळ नाही, मांगारेवा बेटावरनं ५०० किलोमीटरच्या वर बोटीनं जायचं, बोट पण लांबच थांबणार आणि तिथनं छोट्या होडीतनं काठाला. आणि तिथं ऊस लावून काकवी करतात म्हणे! आमच्या वडलांचा लगेच प्रश्न, चरक कुठला वापरतात?

ग्लोबवर त्याचा ठिपका मिलिमीटरभर आहे, पण स्केलनं हिशेब केला तर तो ठिपकाच ४० किलोमीटरचा होतो, म्हणजे बेट ठिपक्यात कुठं हरवलं कळणार पण नाही.

आता तक्रार. दोन अर्धगोल जोडलेत बरोबर विषुववृत्तावर आणि वरनं चिकटपट्टी मारलीय. नाउरू विषुववृत्ताच्या अर्धा अंशच खाली, २१ चौरस किलोमीटरचा अख्खा देश, फॉस्फेटसाठी आधीच मधनं पोखरून काढलेला, तो या पट्टीखाली गडप! गॅलापॅगोसचं पण नाव अर्धं कापलंय. दुकानात नेऊन दाखवलं तर मालक म्हणतात, "दादा, तिकडं कुणाला जायचंय?" बदलून काय दिला नाही.

स्टँड हलतो, बल्ब दुसऱ्या आठवड्यात गेला, वायर आखूड. तरी ३ स्टार देतोय ते पिटकेर्नमुळं. पोरीनं पट्टीवर पेनानं नाउरू काढलाय, पण फडकं मारलं की पुसतोय, परत काढावा लागतोय.