‘बीआयएस केअर’ ॲप: सराफाच्या नावाची राखण कितपत होते?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक ताई सोन्याच्या पाटल्या मोडीत घालण्यासाठी आमच्या पेढीवर आल्या. पाटल्यांच्या आतल्या बाजूला आमच्या पेढीच्या आद्याक्षरांचा ठसा होता; मात्र घडण आमच्या कारागिरांची नाही, हे टाक्याच्या जागेवरून बोट फिरवताच माझ्या वडिलांच्या लक्षात आले. ताईंसमोरच भिंगाखाली एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वाचून भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये भरला, तेव्हा तो क्रमांक भलत्याच सराफाच्या नावावरील एका अंगठीचा निघाला. आमचे नाव आणि दुसऱ्याचा क्रमांक, दोन्ही उचललेले होते. त्या दिवसापासून हे ॲप मी रोज वापरतो, आणि ज्याचे नाव त्याच्या दागिन्यावर चालते अशा सराफाच्या दृष्टीने ते किती उपयोगी आहे, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

पूर्वीच्या हॉलमार्कमध्ये, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या अधिकृत ठशात, चार खुणा असत आणि त्यांतली एक सराफाची स्वतःची असे. १ जुलै २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, ‘२२के९१६’ यांसारखी शुद्धता आणि अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी, एवढ्या तीनच खुणा उरल्या. १ एप्रिल २०२३ पासून तर एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकताच येत नाहीत. म्हणजे सराफाचे नाव हॉलमार्कमधून जाऊन नोंदीत गेले, आणि ही नोंद ग्राहकापुढे उघडणारी किल्ली म्हणजे हे मोफत ॲप. ‘व्हेरिफाय एचयूआयडी’मध्ये क्रमांक भरला की सराफाचे नाव व नोंदणी, हॉलमार्किंग केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्कची तारीख दिसते. हे सारे ग्राहकाला गल्ल्यापाशी उभे राहून पाहता येते, हीच मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

एक गोष्ट मात्र ग्राहकांनी नीट समजून घ्यावी. ॲपमधले नाव पावतीवरील पेढीचेच असेल असे नाही, कारण दागिना ज्याने हॉलमार्क करून घेतला त्याचे नाव तिथे येते आणि तो घडवणारा किंवा घाऊक व्यापारीही असू शकतो. त्यामुळे नाव वेगळे दिसताच सराफाला खोटे ठरवू नये. त्याला विचारावे, आणि पावतीवर शुद्धता, वजन व हॉलमार्कचा तपशील लिहून घ्यावा. प्रकारच जुळत नसेल, तर मात्र तो दागिना घेऊ नये. शंका उरलीच तर मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून सोने तपासून घेता येते.

ॲपची मर्यादाही स्पष्ट आहे. खऱ्या पाटलीचा क्रमांक कोणी दुसऱ्या पाटलीवर कोरला, तर प्रकार जुळतो आणि नोंद खरी वाटते. शिवाय नक्षी कोणाची, हे या व्यवस्थेत कुठेच येत नाही, आणि आमच्यासारख्या पेढीचे खरे भांडवल तर नक्षीच आहे. नाव ट्रेडमार्कने राखता येते, त्याची नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते; नक्षीसाठी मात्र २००० च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. ती आधी दहा आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे टिकते. नोंदणी न केलेली नक्षी पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरली की तिच्यावरचा कॉपीराइटही संपतो, हे कळले तेव्हा माझ्या वडिलांनी काढलेल्या कितीतरी नक्ष्यांचा हक्क कधीच गेलेला होता. कोल्हापुरी साज, ठुशी, चिंचपेटी ही तर सगळ्यांची परंपरा आहे. तिच्यावर कोणाचीच मालकी नाही आणि नसावी. नोंदणी मिळते ती आपण नव्याने काढलेल्या घडणीला, आणि तीही ती घडण आधी कुठे प्रसिद्ध झालेली नसेल तर.

म्हणून दागिन्याची शुद्धता आणि त्यामागचा सराफ यांच्या पडताळणीसाठी मी या ॲपला पाचपैकी चार तारे देतो, पण नक्षीच्या राखणीसाठी त्यावर विसंबत नाही. यंदाच्या नव्या हाराचा अर्ज पेढीने आधी भरला, आणि त्याचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर त्यानंतरच टाकले.