नौपाड्यातला रविवारचा 'राजकीय खून आणि खटले' कोर्स : हरिरी सॉलिड, बेनझीर गुंडाळल्या

पाचपैकी चार स्टार. पाचवा शेवटच्या लेक्चरला कापलाय, का ते सांगते.

ज्या अभ्यासिकेत पोरं एमपीएससीचा अभ्यास करत बसतात तिथेच वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हा कोर्स असतो. विषय असा की राजकारण्याचा खून झालाय, त्याच्याच देशातली यंत्रणा धड तपास करणार नाही हे सगळ्यांना दिसतंय, मग युनो, बाहेरचे देश, मानवाधिकारवाले दबाव आणतात, तर त्या दबावातून शेवटी हाती काय लागतं. मला वाटलेलं पेपरातली कात्रणं वाचून दाखवतील, पण तसं अजिबात नाहीये. सर स्वतः वकील आहेत, स्क्रीनकडे न बघता बोलतात, आणि जड शब्द फेकत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ लेबनॉनच्या रफिक हरिरींना दिलाय आणि तो योग्यच आहे. माजी पंतप्रधान, 14 फेब्रुवारी 2005 ला बैरुतमध्ये ताफ्यावर ट्रकबॉम्ब, त्यांना धरून 22 माणसं गेली. तेव्हा सीरियाचं सैन्य देशात तळ ठोकून बसलेलं, त्यामुळे तिथल्या तपासावर विश्वास ठेवणार कोण. लोक रस्त्यावर उतरले, बाहेरून फ्रान्स-अमेरिकेचा रेटा, एप्रिलपर्यंत सीरियाचं सैन्य परत गेलं आणि युनोने तपास आयोग नेमला. पुढे स्पेशल कोर्टाचा करार लेबनॉनच्या संसदेत अडकला, स्पीकर अधिवेशनच बोलवेनात, म्हणून 2007 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून ते कोर्ट उभं केलं (10 मतं बाजूने, रशिया आणि चीन धरून पाच तटस्थ). कोर्ट बसलं नेदरलँड्समध्ये हेगजवळ, तिकडच्या गुप्तचर खात्याच्या जुन्या इमारतीत, आणि 49 टक्के खर्च लेबनॉनने द्यायचा.

आता माझा आवडता भाग. मी ऐरोलीला टेलिकॉम बिलिंगमध्ये काम करते, सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्याच्या नोंदी, हे आमचं रोजचं दळण, त्यामुळे फोनच्या पुराव्याचं सेशन मी श्वास रोखून ऐकलं. बॉम्बच्या टीमकडचे मोबाईल फक्त एकमेकांनाच फोन करायचे, बाहेर एकही कॉल नाही, आणि स्फोटाच्या जरा आधी सगळे कायमचे बंद. आमच्याकडे असा पॅटर्न आला तर लगेच डोळ्यात भरेल. पण नंबर सापडला तरी माणूस कसा सापडणार, तर या छुप्या फोनसोबत कुठला पर्सनल फोन त्याच टॉवरवरून त्याच वेळी फिरतोय ते जुळवायचं. ही गुंतागुंत पहिल्यांदा सोडवली कोणी, तर विसाम ईद नावाच्या लेबनीज पोलीस अधिकाऱ्याने. परदेशी एक्स्पर्ट नंतर आले. जानेवारी 2008 मध्ये त्यालाही बॉम्बने उडवलं. माझं मत इथेच पक्कं झालं, बाहेरच्या दबावाने कोर्ट मिळतं, पैसा मिळतो, पण आतला कोणीतरी जीव धोक्यात घालून काम करणार नसेल तर त्या कोर्टापुढे ठेवायला काही नसतं.

दबावाची वाईट बाजूपण सरांनी झाकली नाही, त्याचे मार्क वेगळे. 2005 मध्ये चार बडे सुरक्षा अधिकारी आत टाकले आणि 2009 मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून सोडून दिले. कोणाला तरी पकडून दाखवा ही घाई अशी कोणाच्या तरी अंगावर येते.

निकाल ऑगस्ट 2020 मध्ये, 2,600 पानांच्या वर, आणि दोषी एकटा सलीम अय्याश, तोही गैरहजेरीत. अय्याश हिजबुल्ला या लेबनॉनच्या सशस्त्र संघटनेचा, आणि तिने आपली माणसं दिलीच नाहीत. अपिलात 2022 मध्ये अजून दोघं दोषी धरले. अमेरिकेने अय्याशवर 1 कोटी डॉलर बक्षीस लावलं तरी कोर्टापुढे तो कधी आलाच नाही, आणि 2023 संपता संपता कोर्टच बंद झालं. हॉलमध्ये एक आजोबा म्हणाले, "म्हणजे एवढा खर्च करून नुसता कागदच ना?" त्यावर लॉच्या एका मुलीने सांगितलं की आपल्याकडेपण सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएस कायद्यात फरार आरोपीचा खटला त्याच्याशिवाय चालवता येतो. वाद एवढा रंगला की चहा गार झाला. मी आजोबांच्या बाजूने नाही, निदान नावं तरी कोर्टाच्या निकालात आली.

ब्राझीलच्या मारिएल फ्रँको थोडक्यात पण चांगल्या घेतल्या. रिओच्या नगरसेविका, 2018 मध्ये ड्रायव्हरसकट गोळ्या घातल्या. गोळ्या घालणारे माजी पोलीस वर्षभरात पकडले, पण सूत्रधार म्हणून मोठ्या लोकांना अटक व्हायला 2024 उजाडलं, आणि त्यात रिओच्या सिव्हिल पोलिसांचा माजी प्रमुखपण होता! "कोणी मारायला सांगितलं" हा प्रश्न घरच्यांनी आणि जगभरच्या संघटनांनी सहा वर्षं लावून धरला.

आणि मग बेनझीर भुट्टो, शेवटच्या अर्ध्या तासात. अहो, रावळपिंडीत खुनानंतर दोन तासांच्या आत जागा पाण्याने धुऊन टाकली, पोस्टमॉर्टेम झालं नाही, युनोच्या आयोगाने 2010 मध्ये हे सगळं लिहून ठेवलं, आणि त्या आयोगाचं काम फक्त काय घडलं ते शोधायचं, गुन्हेगार ठरवायचा अधिकारच नाही! हरिरींसाठी कोर्ट आणि इथे नुसता आयोग, असं का, हा अख्ख्या कोर्समधला सगळ्यात इंटरेस्टिंग प्रश्न होता आणि सर घड्याळ बघत पुढे गेले. स्टार इथे गेला.

बाकी फी परवडते, नोट्स प्रिंट करून देतात, एसी ठीक, खुर्च्या मात्र पाठदुखीवाल्यांसाठी नाहीत. लिफ्ट नाही, ज्येष्ठांनी विचार करून या. गाडी आणू नका, स्टेशनवरून चालत या. पुढच्या बॅचला रशियाचे खून झालेले विरोधी नेते नेमत्सोव घेणार आहेत म्हणे, त्यासाठी मी परत पैसे भरणार, पण बेनझीरना अख्खा रविवार द्या असं फीडबॅक फॉर्मवर लिहून आलेय.