लाइमलाइट (१९५२) ब्लू-रे : हसायला माणसं बसवलेली असतील तर?

चॅप्लिनचा हा पिक्चर मी आधी मोबाइलवर तुकड्यातुकड्यात बघितला होता आणि खरं सांगायचं तर जाम बोअर झाला होता. म्हणलं चॅप्लिन म्हातारा झाला की प्रवचन देतो वाटतं. आता क्रायटेरियनची (जुने पिक्चर साफ करून डिस्कवर काढणारी अमेरिकन कंपनी) डिस्क घेतली आणि बाबांसोबत मोठ्या टीव्हीवर एका बैठकीत बघितला, १३७ मिनिटं, आणि मत बदललं, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी. प्रवचन आहेच, ते कुठे जात नाही. पण त्याच्या खाली जे आहे ते मोबाइलवर मला दिसलंच नव्हतं.

स्टोरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. १९१४ चं लंडन, महायुद्ध तोंडावर आलंय. कॅल्व्हेरो नावाचा एकेकाळचा म्युझिक हॉलचा (म्हणजे गाणी, नकला, विनोदी आयटम असलेल्या तिकडच्या थिएटरांचा) टॉपचा विदूषक, आता कोणी विचारत नाही, दारू पितो. तर्र होऊन घरी येतो, किल्ली काही केल्या कुलपात जात नाही (बाहेर जी पोरं उभी आहेत ती चॅप्लिनचीच, त्यातली मोठी म्हणजे जेराल्डीन), आत येतो तर कसलातरी वास येतोय. आणि हा माणूस पहिल्यांदा काय करतो तर स्वतःच्या बुटाचे तळवे बघतो, कशावर पाय पडला की काय म्हणून! वास असतो गॅसचा, खालच्या खोलीत एका तरुण पोरीने जीव द्यायला गॅस सोडलेला असतो. म्हणजे आत्महत्येचा सीन आणि त्यात शेणात पाय पडल्याचा विनोद. हे एवढं एकत्र करायची हिंमत दुसऱ्या कोणाची झाली असती माहीत नाही, आपण हसतो आणि लगेच कसंतरी होतं.

ती पोरगी म्हणजे टेरी, बॅले डान्सर, क्लेअर ब्लूम. पाय लुळे पडलेत पण शरीरात दोष काही नाही, मनाने धरलंय. हा तिला वाचवतो, घरात ठेवून घेतो, जगायला शिकवतो. पुढे ती वर चढत जाते आणि हा उतरत जातो. असा सरळ मेलोड्रामा आहे, रुमाल जवळ ठेवा वगैरे.

आता जी गोष्ट मला खरी लिहायचीये ती. म्हाताऱ्या कलावंताची उतरती कळा दाखवणारे पिक्चर ढिगाने आहेत आणि सगळ्यात शेवटी एक मोठा शो असतो, म्हातारबुवा जीव तोडून परफॉर्म करतात, प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटतात, आपण डोळे पुसतो, संपलं. इथेही शेवटी तसाच शो आहे, कॅल्व्हेरोच्या मदतीसाठी लावलेला. पण चॅप्लिनने त्यात एक काटा ठेवलाय. प्रेक्षकांत आधीच माणसं बसवलीत, कुठे हसायचं कुठे टाळ्या द्यायच्या ते सांगून. पूर्वीच्या थिएटरात ही पद्धतच होती. आणि हे करणारे कॅल्व्हेरोवर प्रेम करणारेच लोक आहेत, शो पडला तर हा माणूस टिकणार नाही म्हणून. मग शो हिट होतो, तुफान. आता सांगा, तो हशा खरा होता का? बसवलेल्या माणसांनी सुरुवात केली आणि मग बाकीचे खरंच हसायला लागले? की सगळ्यांनी म्हाताऱ्याची लाज राखली? पिक्चर यावर ठामपणे काहीच सांगत नाही, आणि कॅल्व्हेरो मात्र खुश, की बघा, पूर्वी असंच व्हायचं.

त्यातून त्या शोमधला मेन आयटम, जो बस्टर कीटनबरोबर (मूकपटांचा दुसरा मोठा विनोदवीर) आहे, तो नीट कान देऊन बघा. हा व्हायोलिन घेऊन, कीटन पियानोवर. कीटनचे नोटेशनचे कागद सारखे घसरतायत, तो पकडतोय, परत घसरतायत, इकडे चॅप्लिनचा एक पाय पँटमध्ये आखूड होत चाललाय, मग व्हायोलिनचं वाटोळं होतं, पियानोच्या तारा पोटातून आतडी काढावी तशा बाहेर. आणि या सगळ्या वेळात प्रेक्षकांचा हशा जवळजवळ ऐकूच येत नाही! दोन म्हातारे शांततेत काम करतायत. मला आधी वाटलं आपल्या टीव्हीचा आवाज गेला. ती शांतता मुद्दाम आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण ज्याला हसणारे भाड्याने आणलेत हे माहितीये त्याला ती शांतता चावते. हे दोघं पडद्यावर एकत्र आले ते फक्त याच पिक्चरमध्ये, बरं का. कीटन तेव्हा छप्पनचा, त्याचे सुगीचे दिवस कधीच संपलेले, आणि तो चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता चॅप्लिनच्या तोडीस तोड उभा राहतो.

दुसरा सीन स्वप्नाचा. कॅल्व्हेरो पिसवांच्या सर्कशीचा आयटम करतो, हातात चाबूक, न दिसणाऱ्या पिसवा इकडून तिकडे उड्या मारतायत, शेवटी वाकून नमस्कार करतो आणि समोर बघतो तर अख्खं थिएटर रिकामं. खुर्च्याच खुर्च्या. चेहऱ्यावरचं हसू कसं हळूहळू उतरतं ते मोठ्या स्क्रीनवरच कळतं. बाबांनी कॉलेजात एकांकिका केल्यात, ते इथे फक्त एवढंच म्हणले, नाटक पडतंय हे विंगेतल्याला सगळ्यात आधी कळतं. आणि गप्प बसले.

मग तो खरोखरचा प्रयोग, नाव बदलून केलेला, कारण कॅल्व्हेरो नावाला तिकीटबारीवर कोणी हिंग लावून विचारत नाही. लोक चालू प्रयोगातून उठून जातात. घरी येऊन टेरीसमोर ढसाढसा रडतो, ती त्याला धीर द्यायला लागते आणि बोलता बोलता तिच्या लक्षात येतं की आपण चालतोय! अतिशय फिल्मी, आत्ताच्या मालिकेत असतं तर आपण टिंगल केली असती. मीपण करणार होतो, जमलं नाही.

आता जे जमलेलं नाही ते. बडबड खूप. मूकपटाचा बादशहा आणि तोंडाला खीळ नाही, जीवन म्हणजे इच्छा, काळ मोठा लेखक, असलं अर्धा पाऊण तास चालू असतं, टेरी डोळे मोठे करून ऐकते. दुसरं, ती सारखी रडते. तिसरं, बॅले फार लांबलाय, बाबा तिथे झोपले. बॅलेतल्या अवघड स्टेप्स ब्लूमच्या नाहीत, मेलिसा हेडन नावाच्या डान्सरच्या आहेत, आणि नाचायला ती मस्तच आहे पण स्टोरी तिथे थांबून राहते. चौथं, तरुण संगीतकार नेव्हिल म्हणजे चॅप्लिनचा मुलगा सिडनी, दिसायला छान, बाकी लाकूड. आणि वयाचं म्हणाल तर शूटिंगच्या वेळी चॅप्लिन बासष्टचा आणि ब्लूम विशीची, ती याच्याशी लग्न करायचं म्हणते तेव्हा अवघडायला होतं. पण कॅल्व्हेरोलाही अवघडायला होतं, ते प्रेम नाही कृतज्ञता आहे हे त्याला कळतं आणि तो निघून जातो, रस्त्यावर गाणी वाजवून टोपी फिरवायला. तेवढी अक्कल पिक्चरला आहे.

ती टोपी माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितलंय की पाच वर्षांचा असताना आईचा आवाज स्टेजवरच गेला, लोकांनी हुर्यो केली आणि याला पुढे ढकललं, तो गायला, लोकांनी नाणी फेकली आणि हा गाणं थांबवून नाणी गोळा करायला लागला. बाप पण म्युझिक हॉलचा गायक, दारूने ३८ व्या वर्षी गेला, १९०१ मध्ये. म्हणजे कॅल्व्हेरो कुठून आला हे शोधायला लांब जायला नको. आणि हा लिहिताना त्याचं स्वतःचं अमेरिकेतलं नावही खालीच चाललेलं, १९४७ चा पिक्चर तिकडे पडला होता, राजकारणावरून पेपरवाले मागे लागलेले. सप्टेंबर १९५२ मध्ये याच पिक्चरच्या लंडनच्या प्रीमियरसाठी बोटीने निघाला आणि बोट समुद्रात असताना अमेरिकेने त्याचं परत यायचं परमिट रद्द केलं. तिथे पिक्चरवर बहिष्कार, लॉस एंजेलिसला लागायला १९७२ उजाडलं. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या ऑस्करला बसला आणि संगीताचं ऑस्कर मिळालं, वीस वर्षं जुन्या पिक्चरला! स्पर्धेतलं त्याचं एकमेव. त्याच्यासोबत ज्या दोघांना ते मिळालं ते तेव्हा हयातही नव्हते.

डिस्कबद्दल. प्रिंट फोरकेमध्ये साफ केलेली, काळा-पांढरा इतका स्वच्छ की मेकअप पुसल्यावरची चॅप्लिनच्या चेहऱ्याची एकेक रेघ दिसते, आणि या पिक्चरमध्ये तीच तर बघायचीये. आवाज ठीक. सबटायटल इंग्रजीच. क्लेअर ब्लूमची मुलाखत जरूर बघा. पाचपैकी चार स्टार, एक बडबडीचा कापला.

आणि एक्स्ट्रामध्ये १९१९ ची एक अर्धवट राहिलेली छोटी फिल्म आहे, द प्रोफेसर, त्यात हाच पिसवांचा आयटम, तीस वर्षांच्या चॅप्लिनने केलेला. पिसवा डब्यातून सुटतात आणि हा झोपलेल्या लोकांमध्ये त्यांना शोधत फिरतो. मी तो पिक्चर संपल्यावर लगेच लावला. बाबा जागे होते, कॅल्व्हेरोच्या वेळीही हसले होते, याही वेळी हसले. याला जरा जास्त.