250 रुपयांची क्लोरीन किट घेतली आणि टीडीएस मीटर ड्रॉवरमध्ये गेला

आधीच सांगते, मी केमिस्ट्रीवाली नाही, बारावीला काठावर पास. पण सोसायटीच्या पाण्याचं झेंगट माझ्या गळ्यात आहे (ज्या मीटिंगला गेले नव्हते त्याच मीटिंगमध्ये मला कमिटीत घेतलं, तुमच्याकडेही असंच होत असणार), म्हणून जवळपास वर्षभर वापरून मग हा रिव्ह्यू लिहितेय.

वस्तू काय, तर पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन आहे का ते बघायची ओटी किट. ऑनलाइन साधारण 250 ला मिळाली. डबीत ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनची छोटी ब्राऊन बाटली, खूण केलेली प्लास्टिकची नळी आणि पिवळ्याच्या छटा छापलेलं एक कार्ड. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, चार-पाच थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग लगेच बघायचा. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, पाणी आहे तसंच राहिलं तर नाही. गावाकडे ग्रामपंचायतीच्या माणसाला हे करताना ज्यांनी पाहिलंय ते हसतील, तिकडे याला क्लोरोस्कोप म्हणतात आणि शाळेतल्या पोरांनाही माहिती असतो. शहरात मात्र आपण सगळे टीडीएसवाले, म्हणजे मीटर बुडवून पाण्यातल्या क्षारांचा आकडा बघणारे.

त्या टीडीएसचंच आधी सांगते, कारण माझी सगळी चिडचिड तिथली आहे. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, नदीकडच्या एका गल्लीत राहतो. 25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला तेव्हा एकतानगरी, निंबजनगर भागात घरात पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. तो विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात होता. क्युसेक म्हटलं की आपल्याला काही कळत नाही, तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे हिशोब केला तर दर सेकंदाला 10 हजार लिटरचे जवळपास 100 टँकर. खडकवासला धरण तसं छोटं, 2 टीएमसीसुद्धा नाही, वरून पानशेत-वरसगावच्या खोऱ्यातलं पाणी आलं आणि खालीही धो धो पडत असलं की ते साठवणार तरी किती. आमच्याकडे पार्किंगमध्ये गुडघाभर आलं. गाड्यांचं दुःख सगळ्यांनी केलं, पण पिण्याच्या पाण्याची अंडरग्राउंड टाकी त्याच पार्किंगखाली आहे आणि तिचं झाकण म्हणजे लोखंडी पत्रा, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी डोक्यात आलं. तोपर्यंत अर्ध्या बिल्डिंगने पाणी वर चढवून घेतलं होतं.

मग टाकी साफ करणारे आले. नाव नाही लिहीत. तीन पोरं, एक पंप, एक व्हॅक्यूम, तासाभरात गाळ काढला, भिंती घासल्या, पाणी भरलं आणि मग त्यातल्या एकाने खिशातून पेनासारखा मीटर काढला, पाण्यात बुडवला आणि माझ्यासमोर धरला, ‘मॅडम बघा, 74, एकदम प्युअर.’ आम्ही खूश. बिल दिलं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावलं. पुढचे पंधरा दिवस बी विंगमध्ये एक घर धड नव्हतं, कुणाला जुलाब, कुणाला उलट्या, आणि सगळे म्हणतायत पावसाळा आहे, चालायचंच.

तर टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बस. मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो आकडा काढतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. खडकवासल्याचं पाणी मुळातच हलकं, आमच्या नळाला 70 च्या आसपास येतं आणि बोअरला 500 च्या पुढे. बादलीभर नळाच्या पाण्यात वाटीभर ड्रेनेजचं पाणी घाला, आकडा जेमतेम हलेल. म्हणजे तो 74 खराच होता हो, खोटं काहीच नव्हतं, फक्त प्रश्न वेगळा होता आणि उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं होतं.

किट मात्र मी तेव्हा नाही घेतली, माणूस एवढ्यात शिकत नाही. घेतली जानेवारी 2025 मध्ये, जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आलं तेव्हा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळं आमच्या हाकेच्या अंतरावर. संशयित धरून पेशंट दोनशेच्या वर गेले, नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले, आणि नांदेडच्या विहिरीचं नाव रोज पेपरात. चांगली चालती-फिरती माणसं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर, म्हटल्यावर आमच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ बंद होऊन पाणी सुरू झालं. तेव्हा माझ्या मावसभावाने, तो पाणीपुरवठ्याच्या कामात आहे, सांगितलं की मीटर ठेव बाजूला, नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन राहिला पाहिजे, तेवढं बघ.

पहिल्याच दिवशी जे दिसलं ते सांगते. नळाचं पाणी खालच्या टाकीत पडतं तिथे छान फिकट पिवळं. गच्चीवरच्या टाकीत संध्याकाळी जवळपास काहीच नाही. झाकण फुटलेलं, दिवसभर ऊन, पाणी दोन-दोन दिवस साठलेलं, क्लोरीन उडून जाणारच. झाकण बदललं, टाकी पूर्ण भरून ठेवायच्या ऐवजी दोन वेळा भरायला लागलो, आता संध्याकाळीही रंग येतो. आणि टँकर! ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई टाकलंय की क्लोरीन, वास बघा ना.’ वास मलाही आल्यासारखा वाटला. नळीत थेंब टाकले, हलवलं, सूर्याकडे धरलं, पाणी आपलं पांढरं ते पांढरं. त्याच्यासमोरच. तो काही बोलला नाही, मी पण नाही, टँकर परत पाठवला.

एक गंमत. ए विंगच्या काकांनी किट मागून नेली आणि दहा मिनिटांत घाबरून खाली, ‘अगं आमच्या प्युरिफायरच्या पाण्यात शून्य!’ काका, शून्यच येणार, त्यातला कार्बन फिल्टर क्लोरीन काढूनच टाकतो. उकळल्यावरही तेच. टेस्ट नळाच्या नाहीतर टाकीच्या पाण्याची करायची. पण हो, प्युरिफायरचं पाणी माठात चार दिवस ठेवत असाल तर ते आता उघडं पडलंय हे लक्षात ठेवा.

सोबत जंतू तपासायच्या एचटूएसच्या बाटल्याही घ्या, त्या वेगळ्या मिळतात. पाणी भरून उबेला ठेवायची, 24 ते 48 तासांत काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. थंडीत ऊब कुठून आणणार म्हणून मी वायफाय राउटरला टेकवून ठेवली होती, नवऱ्याने विचारलं हे सरबत कसलं. बोअरची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी. काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचा अंश असतो, त्यानेही काळं पडू शकतं, म्हणून लगेच बोंब मारू नका, सॅम्पल लॅबला द्या. आम्ही दिलं, रिपोर्ट खराबच आला, बोअर आता फक्त फ्लश आणि झाडांना.

आता किटच्या तक्रारी. कार्डची छपाई भिकार, 0.2 आणि 0.5 ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, दिवसाउजेडी, मागे पांढरा कागद धरून बघावं लागतं. पाच-सहा महिन्यांत नळीवर एवढे ओरखडे आले की पाणी कुठलंही असो, गढूळच दिसतं. माहितीपत्रक इंग्रजीत, त्यातही ते ओटी विषारी आहे हे बारीक अक्षरात शेवटी. टेस्ट केलेलं पाणी सिंकमध्ये ओतून नळी आणि हात धुवायचे, पोरांपासून लांब, आणि बाटली अंधारात ठेवायची. रंग थेंब टाकल्याबरोबर बघायचा, दहा मिनिटांनी बघाल तर उगाच जास्त पिवळं दिसेल आणि खोटं समाधान मिळेल.

5 पैकी 4 स्टार. एक कार्डाचा कापला.

आणि हो, रिफिल मिळत नाही. ओटी संपलं की अख्खी किट परत घ्या, सेलरला दोनदा विचारलं, उत्तर नाही. माझ्याकडे आता दोन नळ्या आणि दोन कार्डं झालीत, जुनी नळी वॉचमनकाकांनी त्यांच्या टेबलावर पेन ठेवायला नेली.